२८ मिलिमीटरचा मावळा धातूत कसा ओतायचा

टेबलावरच्या युद्धखेळासाठी धातूचे शिपाई घरी ओतायचे म्हटलं की सगळे आधी धातूबद्दल विचारतात: कुठला घ्यायचा, किती तापवायचा, कशात वितळवायचा. त्यात फारसं काही अवघड नाही. कथलाचे मिश्रधातू घरगुती हॉट प्लेटवर वितळतात. शिपाई बिघडतो तो साच्यात, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने: आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा साच्यालाच दिली आहे.

उदाहरणाला एक पायदळाचा मावळा घेऊ. उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात ढाल, कमरेला रिकामं म्यान, डोक्याला मुंडासं, गुडघ्यापर्यंत अंगरखा. २८ मिलिमीटर ही उंची बरेच निर्माते तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. मुंडाशासकट तो तेहतीस-चौतीस होतो आणि उगारलेल्या तलवारीसकट चाळीसच्या वर जातो. साच्याची पेटी या शेवटच्या मापावर ठरवायची.

धातू

शिकताना सगळ्यात सोपा म्हणजे ६०/४० सोल्डर, ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. तो १८३ अंशांना मऊ व्हायला लागतो आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतो. वाहतो छान, बारकावे पकडतो, आणि फसलेला नग परत वितळवता येतो. कांडीचा भरीव सोल्डरच घ्या. तारेच्या सोल्डरच्या पोटात राळ असते. ती धूर करते आणि रसात काळे कण सोडते.

घरात लहान मुलं असतील तर शिशाच्या वाटेला जाऊ नका. १९९० च्या दशकात परदेशातल्या मोठ्या कंपन्याही शिसं सोडून 'व्हाइट मेटल'कडे वळल्या. हा धातू म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर कथील, पाच-सात टक्के अँटिमनी आणि थोडं तांबं. अँटिमनीमुळे शिपाई कडक होतो आणि थिजताना आक्रसणं कमी होतं, म्हणून चेहरा नीट उमटतो. हे मिश्रण घरी जमवायच्या भानगडीत पडू नका. अँटिमनी ६३० अंशांना वितळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. तयार मिश्रधातूच आणा.

नुसतं शुद्ध कथील, म्हणजे कल्हईवाल्याकडे असतं ते, २३२ अंशांना वितळतं आणि ओतताही येतं. पण तलवार इतकी मऊ राहते की खेळताना बोट लागलं तरी वाकते. कथील-बिस्मथचं मिश्रण दोनशेच्या आतच वितळतं, आणि बिस्मथ थिजताना फुगतं म्हणून कोपरे धारदार येतात. पण ते ठिसूळ असतं, वाकवायला गेलात की तुटतं. ढाल, तोफेचं चाक अशा जाड भागांना चालेल, तलवारीला नको.

जस्ताला मात्र भांड्याजवळही फिरकू देऊ नका. पितळेचा तुकडा, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, जुन्या नळाची तोटी भंगारातून चुकून आत गेली की रस खिरीसारखा दाट होतो आणि साच्याच्या टोकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पितळी भांडंही वापरायचं नाही. ॲल्युमिनियमचंही नको, वितळलेलं कथील त्याला खातं. लोखंडी पळी किंवा जाड स्टीलची वाटी घ्या. एकदा यात धातू वितळवला की ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

कथील आणि तयार मिश्रधातूची चौकशी मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या धातुबाजारात करावी. सोल्डरच्या कांड्या आणि रसाचं तापमान मोजायचं के-टाइप थर्मोकपल लॅमिंग्टन रोडला, कानशी, निपर आणि क्लॅम्प नागदेवीला. कथील तांब्यापेक्षाही बरंच महाग आहे, तेव्हा सुरुवातीला अर्धा किलो पुरे. एका शिपायाला बारा ते पंधरा ग्रॅम लागतात. ओतायच्या वाटेत अडकलेला तितकाच धातू परत भांड्यात येतो.

मास्टर

मूळ नमुना, ज्याला सगळे मास्टर म्हणतात, तारेच्या सांगाड्यावर इपॉक्सी पुट्टीने घडवतात. ग्रीन स्टफ ही निळी-पिवळी पुट्टी यासाठीच नावाजलेली. एम-सील हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं, पण ते खरखरीत आहे आणि फार लवकर घट्ट होतं. सांगाडा भरायला ठीक, नाक-डोळ्यांना नाही. थ्रीडी प्रिंट केलेला मास्टरही चालतो. तो नीट धुऊन, यूव्हीखाली पूर्ण कडक करून घ्या, नाहीतर त्याला लागलेलं सिलिकॉन चिकट राहतं.

हातांनी ओतायचं असेल तर कुठलाही भाग एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. तलवार सव्वा मिलिमीटर. ती खऱ्या प्रमाणापेक्षा जाड दिसते, पण फूटभरावरून कोणाला कळत नाही. ढालीचं तोंड समोर ठेवा. ढाल कुशीला वळवली की तिच्यामागे खोल खाच तयार होते. सिलिकॉन लवचीक असल्यामुळे शिपाई त्यातून ओढून निघतो खरा, पण दर खेपेला ती जागा थोडी थोडी फाटत जाते. जुने धातूचे शिपाई इस्त्री केल्यासारखे चपटे दिसतात ते यामुळेच. दोन्ही हात एकाच पातळीत असले की साचा टिकतो. अगदीच वेगळी मुद्रा हवी असेल तर हात वेगळा ओता आणि मागून चिकटवा.

बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्याच्या मिनिएचरवरून साचा काढू नका. ती शिल्पकाराच्या कामाची चोरी आहे.

साचा

गणपतीच्या कारखान्यांत वापरतात ते साधं साच्याचं सिलिकॉन प्लास्टर आणि रेझिनसाठी असतं. धातूच्या चार-पाच ओतांत ते करपून तडकतं. दुकानात स्पष्ट सांगा: धातू ओतायला, उष्णतारोधक आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं सिलिकॉन) हवं. ते बहुधा विटकरी किंवा लालसर असतं आणि २५० अंशांच्या वर तग धरतं. त्यात टिन-क्युअर, म्हणजे कथलाच्या संयुगाने घट्ट होणारा, प्रकार घ्या. प्लॅटिनमने घट्ट होणाऱ्या प्लॅटिनम-क्युअरचा टिकाऊपणा चांगला आहे, पण साध्या प्लॅस्टिसिनमध्ये (मुलांच्या खेळातली तेलकट माती) गंधक असलं की हे सिलिकॉन त्याच्याजवळ कधीच सुकत नाही.

पेटी आतून ५५ मिलिमीटर रुंद, ९० लांब, ४० खोल. शिपाई साच्यात उलटा बसतो, डोकं खाली आणि तळ वर. रस तळातून आत शिरतो, त्यामुळे ओतायच्या वाटेची खूण तळाखाली लपते आणि वरच्या रसाचं वजन चेहऱ्यावर पडतं. तळाच्या वर निदान तीस मिलिमीटर वाट हवी. ही वाट म्हणजे दाब. ती वाचवली की चेहरा बुजतो.

पेटीत वीस मिलिमीटर प्लॅस्टिसिन थापा आणि मास्टर त्यात पाठीवर अर्धा रुतवा. आता खरं काम. दोन भागांची जोडरेषा कुठून जाणार ते इथे ठरतं. मुंडाशाच्या कडेवरून, खांद्यावरून, दंडाच्या बाहेरून, तलवारीच्या बरोबर धारेवरून, अंगरख्याच्या शिवणीवरून, पोटरीच्या बाजूने. दोन पायांमधली फट आणि काख अर्ध्या जाडीपर्यंत प्लॅस्टिसिनने बुजवायची. ओल्या ब्रशने कडा मास्टरला काटकोनात भिडवा. इथे गोलसर खड्डा राहिला तर साच्याला पातळ जीभ येते, आणि ती तिसऱ्या ओतात तुटते. या कामाला तास-दीड तास लागला तर योग्य वेळ दिलात असं समजा. मोकळ्या जागेत पेनाच्या मागच्या टोकाने चार-पाच खळगे दाबा. दोन्ही भाग त्यांच्यामुळे नेमके जुळतील.

एका भागाला साधारण शंभर मिलिलिटर, म्हणजे १३० ग्रॅम सिलिकॉन लागेल. डब्यावर तीन टक्के हार्डनर लिहिलं असेल तर ३.९ ग्रॅम. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच, थेंब मोजून भागत नाही. हार्डनर जास्त झाला तर साचा ठिसूळ होतो, कमी पडला तर आतून चिकट राहतो. टिन-क्युअरला हवेतला दमटपणा लागतो, त्यामुळे मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये मिश्रण डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या बरंच आधी दाटायला लागतं. पावसाळ्यात सगळी तयारी करून ठेवा आणि मग हार्डनर घाला. एसी चालू असेल तर थोडी सवड मिळते.

पहिला हात ब्रशने, अगदी पातळ, चेहऱ्यावर आणि हातांच्या खोबणीत. मग उरलेलं पेटीच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धारेने ओता. धार दोऱ्यासारखी ताणली की त्यातले बुडबुडे फुटतात. दुसऱ्या दिवशी पेटी उलटी करा, प्लॅस्टिसिन काढा, पण मास्टर जागचा हलवू नका. सिलिकॉनच्या उघड्या पृष्ठभागावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. एक बोटाएवढी जागाही सुटली तर दोन्ही भाग कायमचे एक होतात. मग दुसरा भाग ओता.

साचा सुकला म्हणजे ओतायला तयार झाला असं नाही. टिन-क्युअर सिलिकॉन सुकताना अल्कोहोल सोडतं. ते आत अडकलेलं असताना गरम रस पडला तर शिपायाच्या अंगावर देवीचे व्रण उठतात. दोन्ही भाग दोन-तीन दिवस उघडे ठेवा, मग खाण्यासाठी न वापरायच्या ओटीजी ओव्हनमध्ये ८० ते १०० अंशांवर दोन-तीन तास तापवा.

आता वाटा कोरायच्या. धारदार ब्लेडने ओतायची वाट वर आठ मिलिमीटर, तळापाशी चार. तोंड नरसाळ्यासारखं. मग हवेच्या वाटा. शिपाई उलटा आहे हे डोक्यात ठेवून बघा की रस चढत आला तर हवा कुठे कोंडेल. म्यानाचं टोक, अंगरख्याचा घेर, ढालीची कड या जागा उलटल्यावर वर जातात आणि त्यांना पुढे रस्ता नसतो. तिथून अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीची चर थेट साच्याच्या वरच्या कडेपर्यंत न्या. उगारलेली तलवार मात्र तळाशी आहे. वाटतं, तिच्यात रस आपोआप पडेल. पडत नाही. इतक्या अरुंद तोंडावर रस पृष्ठताणामुळे पडद्यासारखा बसतो आणि खालची हवा कोंडते. तलवारीच्या टोकापासूनही एक चर काढा, बाहेरून वळवून वर आणा. सुरुवातीला तीन-चारच चरी, तुटक भाग दिसेल तसतशा वाढवा. जास्त कोरलेलं परत भरता येत नाही.

ओतणं

जागा: हवा खेळती, डोक्यावर छप्पर, हाताशी पाणी नाही. गॅलरी असेल तर पावसाची झड येत नाही ना हे बघा. वितळलेल्या धातूत पाण्याचा थेंब पडून बुडाला की त्याची क्षणात वाफ होते आणि रस तोंडावर उडतो. पावसाळ्यात कांड्या, पळी, चमचा सगळ्यांवर ओल धरते, म्हणून रसात घालण्याआधी प्रत्येक वस्तू हॉट प्लेटच्या कडेवर तापवून घ्या. गॉगल, सुती पूर्ण बाह्या, चामडी हातमोजे, बंद बूट. नायलॉनचं काही अंगावर नको. शिसं असेल तर ओतताना खाणं-पिणं बंद, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते, धोका मळीच्या आणि कानशीच्या भुग्याचा असतो. तो बोटांवरून पोटात जातो.

सोल्डर २५० ते २८०, व्हाइट मेटल २८० ते ३२० अंशांवर ओता. थर्मोकपल नसेल तर कोरडी काडेपेटीची काडी, गूल नसलेलं टोक, रसात दोन-तीन सेकंद धरा. तपकिरी झाली तर बरोबर, लगेच काळी पडून धुरावली तर फार तापलं, तशीच राहिली तर थांबा. वर राखाडी साय येते. मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकून ढवळलं तर त्यातला बराचसा चांगला धातू खाली परत जातो. मेण भपकन पेटतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. उरलेली मळी चमच्याने काढा.

साच्याच्या दोन्ही भागांना ब्रशने टाल्कम पावडर लावा आणि जोराने फुंकून उडवा. डोळ्यांना दिसणार नाही इतकीच राहिली पाहिजे. तिच्या कणांमधून हवा निसटते आणि रस सिलिकॉनवर सहज पसरतो. मग दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटरचं प्लायवूड लावून रबरबँडने बांधा. क्लॅम्पने पिळून घट्ट केलं तर साचा दबतो आणि मावळा कुपोषित निघतो.

एका दमात, न थांबता, वाट काठोकाठ भरेपर्यंत ओता आणि लगेच साचा टेबलावर दोन-तीनदा हलके आपटा. दीड-दोन मिनिटं थांबा. वाटेच्या तोंडावरची चकाकी गेली म्हणजे आतला भाग थिजला असं नव्हे, तो नंतर थिजतो. पहिले तीन-चार शिपाई अर्धवटच येणार, कारण साचा थंड आहे. ते परत भांड्यात. साचा हाताला चांगला गरम लागायला लागला की खरे नग सुरू होतात. पुढे दहा-बारा ओतांनंतर तो फार तापतो, थिजायला वेळ लागतो, तेव्हा दहा मिनिटं उघडा ठेवा.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

तलवार अर्धी आली, टोक गोल आणि गुळगुळीत. हवा की थंडी? पाच नग शेजारी मांडा. प्रत्येकात त्याच जागी तुटलं असेल तर हवा अडकते आहे, चर काढा किंवा रुंद करा. दर वेळी वेगळीच जागा असेल तर रस किंवा साचा थंड आहे. या दोन्हींत गल्लत करून लोक रस तापवत जातात आणि साचा जाळून बसतात.

अंग दाणेदार, साखर भुरभुरल्यासारखं दिसलं तर तापमान जास्त. अंगावर सुरकुत्या किंवा दोन रस भेटल्याची रेघ असेल तर ओतताना हात थबकला. पाठीवर किंवा तळाजवळ खळगा पडला तर जाड भाग थिजताना त्याला वरून रस मिळाला नाही. वाट आधी थिजली म्हणून असं होतं. ती चारची पाच मिलिमीटर करा. कडेने कागदासारखा पापुद्रा येत असेल तर बांधणी सैल आहे किंवा जोडावर पावडरचा थर राहिला आहे. पुढचा-मागचा अर्धा एकमेकांवरून सरकलेला दिसला तर खळगे उथळ पडले आहेत, त्याला इलाज नाही, साचा नवा करावा लागतो. घोट्यात मोडला तर बहुधा गरम असतानाच ओढला.

चांगला नग निघाला की निपरने वाट तोडा, जोडरेषा ब्लेडच्या पाठीने खरवडा, मग बारीक कानस. शिसं असेल तर कानस ओली करून चालवा, भुगा ओल्या कागदाने पुसून बंद डब्यात भरा आणि तो डबा भंगारवाल्याला द्या, मोरीत किंवा कचऱ्यात नको. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय प्रायमर मारू नका. पावडरचा अंश राहिला तर रंग पापडीसारखा सुटतो.

पलटण हवी असेल तर

असा साचा जपून वापरला तर काही डझन शिपाई देतो. शंभर-दोनशे हवे असतील तर फिरत्या साच्याचं काम, स्पिन कास्टिंग, करावं लागतं. नऊ ते बारा इंची रबराच्या दोन चकत्यांमध्ये मास्टर गोलाकार मांडतात आणि दीडशे-एकशेसाठ अंशांवर, प्रेसखाली, तासाभरात रबर पिकवतात. यंत्रात ही तबकडी मिनिटाला चारशे ते आठशे फेऱ्यांनी फिरते, मध्ये रस ओतला की तो कडेकडे फेकला जातो, आणि वजनाच्या दाबाची जागा फिरण्याचा दाब घेतो. अर्ध्या मिलिमीटरचा भाल्याचा दांडाही त्यात भरतो. मुंबईत इमिटेशन ज्वेलरीवाले बकल, पदकं, पेंडंट याच पद्धतीने काढतात, तेव्हा जॉबवर्कसाठी त्यांच्याकडे चौकशी करा. त्यांच्या भट्टीत कुठला मिश्रधातू आहे, त्यात शिसं किंवा कॅडमियम आहे का, हे आधी विचारा. कॅडमियम असेल तर काम देऊ नका.

पुट्टीचा किंवा प्रिंटचा मास्टर त्या प्रेसखाली चिरडण्याची भीती असते. म्हणून आधी घरच्या सिलिकॉनच्या साच्यातून आठ-दहा निर्दोष धातूचे नग काढायचे, त्यांची जोडरेषा पूर्ण घासायची आणि तेच रबरात बसवायचे. दोन पिढ्यांत आकार थोडा आक्रसतो, त्यामुळे एकाच तुकडीतले सगळे शिपाई एकाच पिढीचे ठेवा. तबकडीवर वजन समतोल मांडा: तोफ एका बाजूला आणि समोर एकटा भालाईत असं ठेवलं तर यंत्र थरथरतं आणि पापुद्रा येतो. तलवारीची टोकं बाहेरच्या कडेकडे नकोत, फिरण्याच्या उलट दिशेला थोडी झुकवा. एखादी जागा सतत अर्धवट येत असेल तर त्या खाचेशेजारी खडूने खूण करा आणि आधी तिची हवेची चर वाढवून एक फेरी काढा. त्यानेही भरलं नाही तरच रसाची वाट रुंद करा. दोन्ही एकदम कापलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या तबकडीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.